करंगळी

नवीन पनवेल,
१४ सप्टेंबर २०२५

ती. सौ. बाय हिस,
शैलेशचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. गव्हाणहून इथं यायला त्याला पाच दिवस लागले. रिक्षा पाऊण तासात येते. रिया विचारत होती, आत्या मोबाईलवर का लिहीत नाही. मी म्हटलं, कान गेल्यापासून तिला फोनचाच राग आहे, आणि काचेवरची अक्षरं तिला अक्षरं वाटत नाहीत. कागद उशीखाली ठेवता येतो, असं तूच म्हणाली होतीस.

गौरीला का आलो नाही, असं तू विचारलं नाहीस. तांदळाचे वडे उरले, एवढंच लिहिलंस. मग कारण माझ्याकडून ऐक. मे महिन्यात आमची कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, हे रमाने तुला सांगितलंच आहे. बंदरापासून गोदामांपर्यंतचा सगळा कारभार माझ्याकडे होता. आता एका खुर्चीला दोन माणसं झाली, आणि बसला तो त्यांचा माणूस. तेव्हापासून मी घरी आहे. गावात आलो की ओट्यावरचा जो तो विचारतो, आज सुट्टी का? त्याला काय सांगायचं हे मला अजून सुचलेलं नाही.

पुण्याच्या मनस्वी नावाच्या एक बाई माझ्यासारख्यांना ऑनलाइन शिकवतात. वयाने माझ्या निम्म्या असतील, पण मी त्यांच्यापुढे वही उघडून बसतो. त्या म्हणतात, मोठ्या पदावरच्या माणसाला जाहिरातीतून काम मिळत नाही, गाठीभेटींतून मिळतं. म्हणून जुन्या ओळखीच्या एकेकाला गाठायचं, वीस मिनिटं मागायची, कॉफी घ्यायची. त्याच्या धंद्याचं विचारायचं, आपण कमी बोलायचं. नोकरी द्या असं म्हणून त्याला पेचात टाकायचं नाही. उठताना आणखी दोघांची नावं घ्यायची आणि घरी आल्यावर त्याच दिवशी आभार कळवायचे. मात्र उठण्याआधी एका वाक्यात, न अडखळता सांगायचं, की मी अशा तऱ्हेचं काम शोधतोय, या भागात हवंय, कानावर आलं तर मला आठव.

बाकी सगळं जमतं गं. ते एक वाक्य तोंडातून निघत नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं तर रमाला हसू आलं, मग मलाही. तुला गावोगावहून लग्नात धवले गायची बोलावणी यायची. तू कधी कुणाला असं काही म्हणाली होतीस का?

भावोजींचा गुडघा कसा आहे ते कळव. रमा आणि रियाचा नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
शैलेश


गव्हाण,
२३ सप्टेंबर २०२५

चि. शैलेश यास,
बायचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कॉफी पिऊन नोकरी मिळते हे वाचून तुझे भावोजी म्हणाले, मग आमचा शैलेश आजवर चहाच पीत बसला म्हणून अडलं. गुडघा दुखतो तरी जीभ शाबूत आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते. धवलारणीने लग्न मागायचं नसतं. मला हे आत्याबायने शिकवलं, तिला तिच्या सासूने. मांडव कुणाच्या दारात घातला जातोय हे सगळ्या गावाला दिसतं, धवलारणीलाही दिसतं. पण तिने त्या दारावरून जाताना खाली बघून जायचं. त्यांनी नारळ-सुपारी घेऊन यायचं, मग हिने उठायचं. मागून मिळालेला मान तो मान नव्हे. तुझ्या बाईंचं बाकीचं सगळं मला पटलं, ते एक वाक्य पटलं नाही. तोंडातून निघत नाही ना? मग नको काढूस. तुझं काम ज्याने पाहिलंय तो आपण होऊन बोलावील.

तुला आठवतं का, मी नवीन होते तेव्हा मला धीर नव्हता. मी ओळ म्हणायची, बायकांनी ती झेलायची, त्यांचं संपलं की मी पुढची उचलायची. पण उखळाचा आवाज, बाहेर वाजंत्री, आणि मी त्यांचं संपायच्या आतच पुढे पळायची. म्हणून आत्याबायने तुला माझ्याशेजारी बसवलं. सहा-सात वर्षांचा असशील. बायकांचं संपलं की तू माझी करंगळी दाबायचास. एकदाही चुकला नाहीस. पेंगायचास, पण पेंगतानाही दाबायचास. आई गेल्यावर मीच तुला घेऊन हिंडायचे, त्यामुळे हळदीच्या घरी तुझं पोट भरायचं आणि माझं गाणं सावरायचं.

आता कान गेले आणि परत तेच झालं. बायकांचं कधी संपतं ते कळत नाही, मी आधीच सुरू करते. दोन लग्नांत असं झालं. तिसऱ्याचं बोलावणं आलं नाही. या दोन वर्षांत कुठलंच आलं नाही. असो. लोकांकडे आता ते भिंती हलवणारे खोके असतात, ते मात्र मला छातीत ऐकू येतात.

ताहेरला भेटलास का? बंदरावर दोघं कारकून होतात तेव्हा माझ्याकडे जवळा खायला यायचा तो. आणि एवढ्या लोकांना भेटतोस, त्यांत गव्हाणचं कुणी आहे का? माझ्याकडे कॉफी नाही, पण वीस मिनिटं आहेत.

जेवणाकडे लक्ष दे. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
बाय


नवीन पनवेल,
२९ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. बाय हिस,
सा. न. वि. वि.

भाऊबीजेला आलो आणि लगेच निघालो याचं मनाला लागून राहिलंय. तू ओवाळलंस, आणि मग माझ्याकडे नुसती बघत बसलीस. मला वाटलं काही म्हणशील. भावोजींनी नोकरीचं विचारायच्या आत मला उठायचं होतं, हे तुला कळलं असणारच.

तुझं ऐकलं, आणि खरं सांगतो, फार हलकं वाटलं. ते वाक्य मी टाकूनच दिलं. आता भेटी छान होतात. बेलापूरला आमचे जुने साहेब भेटले, वाशीला दोघं, खारघरला एक जण, ज्याला मी कधीकाळी कामाला लावलं होतं. तो आता माझ्यापेक्षा मोठ्या गाडीतून आला आणि पायाला हात लावू लागला. सगळे प्रेमाने बोलतात, नावं देतात, कॉफीचे पैसेही देऊ देत नाहीत. मी त्यांचं ऐकतो, दोन गोष्टी सुचवतो, उठतो. घरी येऊन आभार कळवतो. मग फोनकडे बघत बसतो.

ताहेरकडेही गेलो. तळोज्याला त्याचं केवढं मोठं शीतगृह झालंय, बघायला हवंस. कोळंबी, आंबा, डाळिंब, सगळं परदेशी जातं. आत शिरताना त्याने मला जाड कोट घालायला दिला आणि तू विणलेल्या माझ्या त्या हिरव्या स्वेटरची आठवण काढली. तुझी तब्येत विचारली. तासभर बसलो. माल बंदरावर कुठे अडकतो हे त्याने विचारलं, मी कागदावर रेघा ओढून दाखवलं. मग त्याने विचारलं, तुझं कसं चाललंय? मी म्हटलं, मजेत, इतकी वर्षं धावलो, जरा विश्रांती घेतोय. तो म्हणाला, नशीबवान आहेस. बाय, ताहेरकडे काम करायला मला फार आवडेल. घरापासून जवळ, माझ्या ओळखीचं काम, आणि माणूस आपला. त्याने माझं काम वर्षानुवर्षं पाहिलंय, तेव्हा तो बोलावील असं वाटतं.

दुसरीकडून एक विचारणा मात्र आली आहे. ओमानमध्ये सोहारला एका बंदराचं काम आहे, दोन वर्षांसाठी. घरच्यांना नेता येणार नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही. ताहेरची वाट बघतोय.

रियाने तुला मोजे पाठवलेत, सोबत आहेत. आशीर्वादाचा हात मागे घेऊ नये.

तुझा,
शैलेश


गव्हाण,
७ नोव्हेंबर २०२५

चि. शैलेश यास,
अनेक आशीर्वाद.

मोजे आले. एक मोठा आहे, एक लहान. रियाला सांग आत्याचे पाय अजून जोडीचे आहेत. तरी घालते आहे.

ओमान म्हणजे किती लांब ते यांना विचारलं. हे म्हणाले, आपल्या किनाऱ्यावरून सरळ समुद्रात बघितलं तर पलीकडे तेच. मग काय, बघत बसेन. चांगलं काम असेल तर तू विचार करशीलच, तुला काय सांगायचं. मोठी माणसं जातातच बाहेर. ताहेरच्या घरातले तर निम्मे तिकडेच असायचे.

इथं विशेष काही नाही. मीठ आता कुठे पिकतंय, आपल्या आगराच्या जागी रस्ता झाला आणि पुढे विमानतळ. महिन्याभरात विमानं सुरू होणार म्हणतात. ओवे गावच्या भामाच्या मुलीचं, समीक्षाचं लग्न ठरलंय, फेब्रुवारीत. भामाच्या लग्नात मीच गायले होते. आठ दिवसांपूर्वी तिच्या दारावरून गेले. खाली बघून गेले.

तू येशील म्हणून सुके बोंबील बाजूला ठेवलेत. खराब होत नाहीत म्हणा. सवडीने ये. तुझ्या जिवाची काळजी घे, ती आमचीच आहे.

तुझी,
बाय


नवीन पनवेल,
१८ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. बाय हिस,
सा. न. वि. वि.

परवा ताहेरचा फोन आला. जरा ये, तुझ्याशी काम आहे, म्हणाला. रमाने इस्त्रीचा शर्ट काढून दिला. मी दाढी दोनदा केली, हे तुलाच सांगतो.

गेलो तर ताहेरच्या शेजारच्या केबिनमध्ये सुरतेचा एक गृहस्थ बसलेला. ताहेर म्हणाला, हे आमचे नवे जनरल मॅनेजर, पहिल्या तारखेपासून आलेत. यांना इथल्या बंदराची ओळख नाही, तू जरा चार गोष्टी समजावून सांग. मी सांगितल्या. त्या माणसाने चांगल्या लिहून घेतल्या. मी मागे रेघा ओढलेला कागद त्याच्या टेबलावर काचेखाली होता.

निघताना गाडीपाशी मी ताहेरला विचारलं, ही जागा कधी निघाली? तो म्हणाला, तू मागे आलास ना, त्याच दिवशी रिकामी होती. तुला विचारावं असं मनात आलं होतं. पण तू विश्रांती घेतोयस म्हणालास, एवढा मोठा साहेब, माझ्याकडे कशाला येईल. मी गाडीची किल्ली खिशात शोधत राहिलो. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तो तिथंच उभा राहिला आणि म्हणाला, "शैलेश, तू बोललाच नाहीस यार. एक लफ्ज बोलला असतास." त्याचे डोळे भरले होते. मी त्याला म्हटलं, जाऊ दे, आणि गाडी काढली. पुढच्या वळणावर थांबवून बराच वेळ बसलो.

मनस्वीबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, समोरच्याला ओळखायला लावणं हा आपला मोठेपणा नव्हे, त्याला दिलेला त्रास आहे. बाय, मी तुला दोष देत नाही. तू नसतं सांगितलंस तरी ते वाक्य माझ्याकडून निघालं नसतं. मला फक्त बरं वाटावं असं कारण हवं होतं, ते तुझ्याकडून घेतलं.

सोहारच्या लोकांना मी आज हो कळवतो आहे. जानेवारीत जायचं आहे. रमा गप्प आहे, रिया जास्त बोलते आहे. तू काही म्हणणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. जाण्याआधी नक्की येतो.

मायेत अंतर पडू नये एवढीच विनंती.

तुझा,
शैलेश


गव्हाण,
४ डिसेंबर २०२५

चि. शैलेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उशीखाली ठेवलं नाही, ते तिथं ठेवण्यासारखं नव्हतं. देवामागे ठेवलं. उत्तराला उशीर झाला कारण आधी मला एक काम करायचं होतं.

काल ओव्याला गेले. भामा अंगणात तांदूळ पाखडत होती. नारळ मीच नेला होता. हे उलटंच झालं, पण रिकाम्या हाताने धीर झाला नसता. उभ्या उभ्याच सांगितलं, "भामा, समीक्षाचे हलदीला मना धवलं म्हणाचं हाय. बोलवशील का नाय?" माझा आवाज मला ऐकू येत नाही, पण मोठाच लागला असणार, कारण शेजारच्या दोघी बाहेर आल्या. भामाने सूप खाली टाकलं आणि माझे हात धरले. तोंड मोठं उघडून, सावकाश सांगितलं तिने, मला कळेल असं. त्यांना वाटलं होतं, कान गेल्यावर मी गाणं सोडलं. विचारलं तर मला लागेल म्हणून कुणी विचारत नव्हतं. शैलेश, दोन वर्षं मी त्यांची वाट बघितली आणि ते मला जपत होते.

घरी येताना रडले. हे विचारत होते काय झालं, तर म्हटलं, काम मिळालं.

तेव्हा आता तुलाही सांगते. गौरीला ये म्हणायचं होतं, भाऊबीजेला ओवाळताना थांब म्हणायचं होतं, आणि मागच्या पत्रात तर बोंबलांचं सांगून भागवलं. ओमानला जाऊ नकोस. कारण विचारशील तर देण्यासारखं कारण नाही. तिथं मान असेल, सगळं असेल. मला तू इथं हवा आहेस. पाऊण तासावर असून तू येत नाहीस तेही चालेल, पण पाऊण तासावर हवा आहेस. ताहेरकडे परत जा आणि स्पष्ट सांग, ती जागा गेली तर दुसरी बघ म्हणावं. आणि फेब्रुवारीत ओव्याला ये, माझ्याशेजारी बस, करंगळी धर. तुझ्यावाचून मला कळणार नाही बायकांचं कधी संपलं ते.

जानेवारीला वेळ आहे, म्हणून लिहिते. वाचून तू जे ठरवशील ते ठरव. नाही जमलं तर मी पुन्हा त्याचा शब्द काढणार नाही. माया कमी-जास्त होत नाही आपली.

तुझी,
बाय


सोहार, ओमान,
१२ फेब्रुवारी २०२६

ती. सौ. बाय हिस,
शैलेशचा दुरून सा. न. वि. वि.

तुझं चार डिसेंबरचं पत्र मला काल मिळालं.

कसं झालं ते सांगतो. इथला आधीचा माणूस मध्येच सोडून गेला, म्हणून मला जानेवारीऐवजी लगेच बोलावलं. आठ डिसेंबरला, सोमवारी निघालो. आदल्या दिवशी, रविवारी, तुझ्याकडे आलो होतो. तुझं पाकीट तेव्हा टपालात होतं. मी गेल्यावर दोन दिवसांनी ते घरी आलं. तुझं पत्र माझ्याशिवाय कुणी फोडायचं नाही, असा आमच्या घरात मीच घातलेला शिरस्ता, म्हणून रमाने तसंच ठेवलं. ताहेरचा पुतण्या रय्यान इकडे नोकरीला आला, त्याच्यासोबत तिने लोणचं आणि पत्र दिलं.

म्हणजे त्या रविवारी मी तुझ्या दारात आलो, तेव्हा तुला वाटत होतं की मी ते वाचून आलोय. वाचून, तरी बॅग भरून. आता मला तो सगळा अर्धा तास पुन्हा दिसतो. बोंबील कागदात गुंडाळून दिलेस. मी निघताना तू करंगळी पुढे केलीस, आणि मला वाटलं तू हात हातात घ्यायला सांगतेस, म्हणून मी तो अख्खा धरला. पुन्हा शब्द काढणार नाही असं लिहिलं होतंस, आणि नाही काढलास. मी वाचलं नव्हतं गं. वाचलं असतं तर गेलो नसतो. काल रात्रीपासून हे तुला सांगायला जीव तुटतोय, आणि फोन लावला तर तुला ऐकू येणार नाही.

रियाने ओव्याच्या हळदीचं चित्रीकरण पाठवलं होतं, ते मी पत्र मिळायच्या आधीच पाहिलं होतं. तेव्हा नुसता आनंद झाला होता. काल पत्र वाचून पुन्हा लावलं. तू मध्यभागी बसली आहेस, पायांत ते कमी-जास्त मोजे, शेजारी रिया, तिने तुझी करंगळी धरली आहे. पोरगी शिकलीय चांगली, फक्त किंचित उशिरा दाबते. तू मात्र प्रत्येक ओळीनंतर मान खाली घालून हाताकडे बघतेस. मी इथं टेबलाची कड धरून बसलो होतो. बायकांचं संपलं की दाबत होतो. एकदाही चुकलो नाही, आणि तुला ते कळत नव्हतं. तू सुरात होतीस, बाय. शेवटपर्यंत सुरात होतीस. हे तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो.

रिया म्हणते, आता विमानं तुझ्या कौलांवरून जातात आणि तू अंगणात येऊन प्रत्येकाकडे बघतेस. मी मुंबईहून निघालो होतो, तुझ्यावरून गेलो नाही. येताना तुझ्या विमानतळावरच उतरेन.

आज सकाळी ताहेरला फोन केला. कसा आहेस वगैरे काही विचारलं नाही. त्याला म्हटलं, "ताहेर, मला पनवेलला परत यायचंय. मला काम हवंय. तुझ्याकडे असेल तर दे, नसेल तर शोध." तो म्हणाला, आज जागा नाही, पण आता मला माहीत आहे, आता शोधतो. अजून चौघांना असंच सांगितलं. अडखळलो, पण वाक्य पूर्ण झालं.

इथलं काम अर्ध्यावर टाकून येता येत नाही. निदान पावसाळ्यापर्यंत तरी सुटका नाही. तेव्हा तुझ्याकडेही एक मागणं आहे, आणि तेही स्पष्टच मागतो. माझी वाट बघ. आणि पुढचं बोलावणं आलं, तर शेजारची जागा रियाला देऊ नकोस, माझ्यासाठी ठेव.

तुझा,
शैलेश